तिसरी हाक

दिवेलागणीला कोणी नावानं हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, असा आमच्या घरात आईचा कायदा होता. पहिली हाक सोडायची, दुसरीही सोडायची, तिसरीला मात्र उठून जायचं. "मेलेलं मानूस दोनदाच हाक मारते," आई सांगायची. "तिसरी हाक जित्याची. अन् दोन हाकीतच जो ओ देते, त्याले मंग त्या हाकीच्या मागं जा लागते." लहानपणी मी या कायद्याचा पुरेपूर फायदा उठवला. अभ्यासाला बोलावलं की दोन हाका फुकट. बाबा शाळामास्तर, त्यांना हे सगळं थोतांड वाटायचं, पण घरात मास्तरकी आईची चालायची.

आईला दोन नावं, माहेरचं आणि सासरचं. सासरचं नाव बाबांनी लग्नात, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं ते चुकलं. मग बाबांच्या थोरल्या काकांनी तांदळावरून हात फिरवून ते पुसलं आणि बाबांनी पुन्हा लिहिलं. आई तेव्हा पदराआड मान खाली घालून बसलेली, तिला तांदूळ सरकल्याचा आवाज तेवढा आला. त्यावरून तिनं बाबांना जन्मभर फैलावर घेतलं. "मास्तर म्हनवता, अन् बायकोचं नाव धड लिवता आलं नाई!" बाबा नुसते हसायचे. आणि गंमत अशी की ते नाव त्यांनी पुढं कधी तोंडानं उच्चारलंही नाही. "अवं" किंवा "आयकलं का", यावरच त्यांचा सारा संसार झाला. पुसून पुन्हा लिहावं लागलेलं नाव नवऱ्याच्या तोंडी बसलं नाही, असं आई म्हणायची. थट्टेत म्हणायची, पण ते तिला लागलेलं होतं.

आमचं घर पवनारला, मागच्या अंगाला धाम नदी. मी वर्ध्याच्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे आई, बाबा आणि मी, एवढीच शिरगणती. पुढच्या छपरीत सागवानी बंगई आहे. झोपाळा म्हटलं तर चालेल, पण आमच्याकडे कोणी म्हणत नाही. या बंगईची एक खोड आहे. एकटं माणूस बसलं तर ती मुकाट हलते. दोघं बसली की डाव्या कडीतून 'कर्र' आवाज येतो. किती वेळा तेल घातलं, पण जात नाही. लहानपणी आतल्या खोलीतून मी तेवढ्या आवाजावरून सांगायची की बाबांजवळ कोणीतरी येऊन बसलंय.

गेल्या दोन-तीन वर्षांत बाबांचे शब्द गळत गेले. आधी भाज्यांची नावं गेली, मग नातेवाइकांची, मग माझं. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, गोळ्यांनी थोडा आधार मिळेल, बाकी माया करा. शेवटी शेवटी बाबा फक्त हुंकार द्यायचे. ज्या माणसानं चार पिढ्यांकडून बाराखडी घोकून घेतली, त्याच्या तोंडात एक अक्षर राहू नये, याचा मला फार राग यायचा. तो कोणावर काढावा ते कळायचं नाही, म्हणून कॉलेजातल्या पोरांवर निघायचा.

अशात एक दिवस मी कॉलेजातून आले, गाडी लावली आणि फाटकातच थबकले. दिवे लागायची वेळ होती. बाबा बंगईवर होते, पण रोजच्यासारखे मधोमध नव्हते, एका कडेला सरकून बसले होते. मोकळ्या जागेवर त्यांनी हातानं धूळ झाडल्यासारखं केलं आणि अगदी स्वच्छ आवाजात हाक मारली, "समीरा."

थोडं थांबून पुन्हा, "समीरा."

मग त्यांनी मान वळवली, कोणी आलेलं पाहावं तशी. "बस," ते म्हणाले.

आणि बंगई कर्र वाजली.

मी फाटकाला धरून उभी होते. बाबा ऐकत होते. मध्ये मान डोलवत होते, एकदा तर हसले, आणि ते हसणं वेड्या माणसाचं नव्हतं. समोरच्यानं काहीतरी मजेशीर सांगितल्यावर माणूस हसतो, तसं होतं. काळोख दाटला तशी त्यांची मान डोलायची थांबली, बंगई थांबली आणि ते पुन्हा आमचे हुंकार देणारे बाबा झाले.

आई दारात उभी होती. तिच्या हातातल्या निरांजनाची वात विझली होती, तिला पत्ता नव्हता.

"पाच-सहा दिस झाले," ती म्हणाली. "तुले सांगतलं नाई."

आमच्या नात्यात, गावात, बाबांच्या शाळेत, कुठंही या नावाची बाई नव्हती. आईनं सगळी माणसं मनात चाळून पाहिली होती. शेजारच्या काकूंनी दबक्या आवाजात सुचवलं की घर नदीकाठचं, बाहेरचं काही लागलं असेल, जाणत्याला दाखवा. आईनं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मग मला म्हणाली, "भूत असतं तं बरं झालं असतं. भुताले उतारा असते. जित्या बाईले काय उतारा करू?"

तिची भीती ती होती. माणसाचं सगळं गळून गेल्यावर जे उरतं ते खरं असतं, असं ती धरून बसली. आणि बाबांच्यात उरलं ते एका बाईचं नाव, आणि ती बाई आई नव्हती. दिवसा ती त्यांना आंघोळ घालायची, घास भरवायची, गोळ्या द्यायची. दिवेलागण झाली की देवघरात जाऊन दार लोटून घ्यायची. एकदा मला म्हणाली, "मले बाकी काही नोको. येवढंच सांग, मी ज्या जागेवर आयुष्य काढलं, ते जागा माही होती का दुसरीची?"

तिला हे कळल्याशिवाय बाबा जाऊ नयेत, असं मला वाटायला लागलं. त्यांच्याकडे पाहून वेळ थोडा आहे हेही दिसत होतं.

मी आधी माझी विद्या पाजळली. आईला सांगितलं, समीर म्हणजे वारा, संस्कृत शब्द आहे. नदीवरून वारा येतो, बाबा त्याला हाक मारत असतील, मास्तर माणूस, जुनी कविता आठवली असेल.

आई म्हणाली, "वाऱ्याले कोनी 'बस' म्हनते का व?"

एम. ए.ला मला इतकं बिनतोड कोणी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी मी मोबाइलवर ते नाव शोधलं. वाऱ्याचं समीरा आपल्याकडचं. पण जगात जे समीरा चालतं ते अरबी. अर्थ वाचला आणि भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. समीरा म्हणजे दिवस बुडाल्यावर सोबत बसून गप्पा मारणारी. त्या गप्पांना अरबीत 'समर' म्हणतात. आपल्याकडे समर म्हणजे युद्ध. नवरा-बायकोच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात असा एक विनोद मला सुचला, पण हसू आलं नाही. बाबांना आता दिवस कुठला आणि दुपार कुठली हे कळत नव्हतं. तरी ते ही हाक बरोबर त्याच वेळी मारत होते, ज्या वेळेचं ते नाव आहे.

मग मी नको ते केलं. फेसबुकवर नुसतं ते नाव टाकलं. चेहऱ्यांची रीघ लागली. मोरोक्कोतली एक पाव भाजणारी, अल्जीरियातली शाळकरी मुलगी, इराणमधली दात काढणारी डॉक्टर, पॅरिसमधली टॅक्सी चालवणारी, बोस्नियातली एक आजी जिचं नाव तिकडच्या वळणानं सेमीरा झालं होतं, टांझानियातली नवरी, हैदराबादची शिक्षिका. बोटानं वर सरकवत गेले तरी संपेनात. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, यांतल्या प्रत्येकीला रोज संध्याकाळी कोणी ना कोणी हाक मारत असणार. आमच्याकडचा दिवस बुडतो तेव्हा आफ्रिकेत अजून ऊन असतं, तिथला बुडतो तेव्हा आणखी पलीकडे दुपार असते. म्हणजे पृथ्वीवर कुठं ना कुठं दिवेलागण चालूच असते आणि ही हाकही चालूच असते, कधी थांबतच नाही. आमच्या छपरीत ती रोज थोडा वेळ येऊन पुढं जात होती. मी मोबाइल उलटा ठेवला. त्या दिवशी मीसुद्धा दिवे लागताना आईबरोबर देवघरात जाऊन बसले.

बाहेरून दोन हाका आल्या. मग कडी वाजली.

अर्थ मी आईला सांगितला नाही. संध्याकाळच्या सोबतिणीचं नाव आहे म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार? आई काही विचारेना, जेवेना.

शेवटी मी आत्याला बोलावलं. बाबांची धाकटी बहीण, कारंजा घाडग्याला असते. हायवेवर तिच्या मुलाचा ढाबा आहे, त्यामुळे तिला मोठ्यानं बोलायची सवय. ती आली तीच बडबडत, संत्र्यांची पिशवी घेऊन. बाबांनी तिला ओळखलं नाही. त्यावर तिनं डोळे पुसले, मग चहा घेतला आणि आईला वाळल्याबद्दल रागावली. मी तिला मुद्दाम काहीच सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकावं आणि काय वाटतं ते बोलावं, असा माझा विचार होता.

दिवस कलला. आम्ही तिघी छपरीच्या पायरीवर बसलो होतो. आई देवघरात निघाली तर मी तिचा हात धरून ठेवला. बाबा कडेला सरकले. जागा झाडली.

"समीरा."

आत्याची बडबड तुटली.

"समीरा." आणि मग, "बस."

कडी वाजली. आत्या बंगईकडे न बघता आईकडे बघत होती.

"वयनी," ती एवढ्या हळू आवाजात म्हणाली की आम्ही दोघी तिच्याजवळ सरकलो, "दादा तुले हाक मारून राह्यला अन् तू इथं काऊन बसली?"

आई म्हणाली, "मले? माह्यं नाव हे होय का?"

"होय," आत्या म्हणाली. "पह्यलं तेच लिवलं होतं त्यानं."

मग तिनं सांगितलं. तांदळाच्या ताटाजवळ निरांजन धरून ती उभी होती, परकरातली पोर. दादानं अंगठीनं 'समीरा' लिहिलेलं तिनं वाचलं. तेवढ्यात थोरल्या काकांनीही वाचलं. 'हे मुसलमानाईचं नाव, आपल्या घरात नाई चालत' असं ते दातांवर दात ठेवून पुटपुटले आणि त्यांनी तांदळावरून हात फिरवला. वऱ्हाडी मंडळींना वाटलं, मास्तर घाबरून चुकला. दादानं काकांनी सांगितलं ते नाव लिहिलं. बोभाटा नको म्हणून आत्याला दम भरला गेला, आणि पुढं ती ते विसरूनही गेली.

"पन हे नाव त्याईले सुचलं कुठून?" आईनं विचारलं.

"त्याची पह्यली नोकरी होती ना, त्या गावात उर्दू शाळेचे एक म्हातारे मास्तर होते. बायको वारली होती त्याईची. दादा संध्याकायी त्याईच्याजवळ जाऊन बसे. ते म्हनत, घर म्हंजे भित्ती नाई रे बाबू, दिवस बुडाल्यावर बोलाले मानूस पाह्यजे, तेच घर. त्याईनंच हे नाव सांगतलं होतं अन् अर्थ बी. दादा मले म्हने, मी बायकोचं नाव हेच ठेवीन."

बंगई तशीच हलत होती, बाबा तसेच मान डोलवत होते. मग आईनं तोंडात पदर कोंबला. ती हसतेय की रडतेय ते मला आधी कळलं नाही, दोन्ही होतं. "चुकलं नोहतं त्याईचं," ती म्हणाली. "अन् मी आयुष्यभर चूक काढली. एकदाही म्हनले नाईत व, चुकलो नाई म्हनून."

मला थोरल्या काकांचा असा संताप आला की काय सांगू. ते कधीच गेले, नाहीतर त्यांच्या हातात तांदळाचं पोतं देऊन निवडत बसवलं असतं.

डोळे पुसता पुसता आई एकदम थांबली. बंगईच्या त्या मोकळ्या अर्ध्या जागेकडे बघत तिनं विचारलं, "मंग इतके दिस त्याईले ओ कोन देऊन राह्यलं होतं?"

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं कारंज्याला गेली. संत्र्यांची पिशवीसुद्धा विसरली.

त्याच संध्याकाळी आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं आणि दिवा लावून छपरीत बंगईच्या कडेला उभी राहिली. मी दारात होते. बाबा सरकले. जागा झाडली.

"समीरा."

आई गप्प.

"समीरा."

आई गप्पच. तिनं पदराचं टोक मुठीत आवळलेलं मला दिसत होतं, पण कायदा तो कायदा. त्या वेळी बाबांनी मान वळवली नाही. 'बस' म्हणाले नाहीत. कडी वाजली नाही. ते वाट बघत राहिले, आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्यांनी तिसरी हाक मारली. जरा चिडून मारली, बायकोला मारतात तशी.

"समीराऽ!"

"ओ," आई म्हणाली.

"किती उशीर," बाबा म्हणाले.

"तांदूळ निवडून राह्यली होती." आई त्यांच्याजवळ बसली. बंगई कर्र वाजली, आणि या खेपेला का वाजली ते मला ठाऊक होतं.

मग रोज तसंच चाललं. एकटी आई बोलायची, बाबा ऐकायचे. भाव, पाहुणे, धामला किती पाणी, माझ्या कॉलेजातल्या बायका, सगळं सांगायची. बाबांची हाक आता रोज तिसरीपर्यंत जायची. दिवसा ते तिला ओळखत नव्हते, पण तेवढ्या वेळापुरते ओळखायचे. आईचं अंग भरलं. "दिसभर मी त्याईची कोनी नाई," ती मला सांगायची, "पन दिवे लागले का आहो." त्या दिवसांत ती मला जितकी सुखी दिसली तितकी आधी कधी दिसली नव्हती.

थंडीत बाबा गेले. सकाळी, झोपेत, कोणाला त्रास न देता. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आत्याही गेली. मी बंगई काढून ठेवायचं म्हणाले तर आई नको म्हणाली.

पाहुणे गेल्यानंतरची पहिलीच संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. आई छपरीत बसली होती. एकटी बसली होती, त्यामुळे कडीचा आवाज नव्हता. हवा पडलेली, दारातलं तुळशीचं पानही हलत नव्हतं.

मी ते नाव ऐकलं. स्वच्छ आवाजात, छपरीतून. मी मराठी शिकवते, शब्द ऐकण्यात माझी सहसा गफलत होत नाही. तरी मी स्वतःला समजावलं की हा नुसता भास आहे, आणि तेवढ्यात दुसऱ्यांदा ऐकलं.

मी दाराशी धावले. आई बंगईवर होती, एका कडेला सरकून. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं. तिनं दोन्ही हाका मोजल्या होत्या. आम्ही दोघी तिसरीची वाट बघत राहिलो. नदीचा आवाज येत होता, रस्त्यावरून एक बस गेली, पलीकडच्या घरात दिवे लागले. छपरीतला उजेड जात जात आईचा चेहरा दिसेनासा झाला. तिसरी हाक आली नाही. येणारही नव्हती. तिसरी हाक जित्याची, हे मला जिनं शिकवलं तिला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"आई," मी म्हणाले, "आत चल."

तिनं हातानं शेजारची धूळ झाडली.

"ओ," आई म्हणाली, आणि बंगई कर्र वाजली.